ठेवसंग्रहण, खाजगी व्यापारी बँकांचे

ठेवसंग्रहण, खाजगी व्यापारी बँकांचे : जनतेकडील शिल्लक पैसा मागणी करताच किंवा ठराविक मुदतीनंतर परत देण्याच्या बोलीवर स्वीकारणे, यास ठेवसंग्रहण म्हणतात. ज्यांच्या भागभांडवलाचा बहुतांश शासनाकडे नाही व ज्या नफ्याच्या हेतूने चालतात, अशा बँकांना खाजगी व्यापारी बँका म्हणतात. बँकेचे स्वतःचे भांडवल तिच्या एकूण साधनांच्या मानाने अल्प असते. कर्जे व गुंतवणुकी यांसाठी लागणारा पैसा मुख्यतः ठेवीदारांचाच असतो. त्यामुळे बँकेच्या वाढीचा वेग, तिचा नफा व अडचणीच्या काळातील तिचा टिकाव ही सर्व ठेवींच्या प्रमाणावर व स्थैर्यावर अवलंबून राहतात. ठेवी आकर्षित होण्यास कारणीभूत होणारे घटक अनेक आहेत. व्याजदर, शाखेचे सान्निध्य, सेवेची तत्परता, लोकांचे उत्पन्न व शासकीय धोरण हे त्यांपैकी प्रमुख होत. या सर्वांच्या मुळाशी मात्र बँकेविषयीचा विश्वास असतो. इतर घटक ठेव आणतात. ती टिकवून धरण्याचे काम विश्वास करतो.

ठेवींचे प्रकार : चालू, बचत, मुदत व आवर्ती असे ठेवींचे चार मुख्य प्रकार आहेत. चालू खाते व्यापारी व उद्योजक यांच्या उपयोगाचे असून त्यावर सामान्यतः व्याज दिले जात नाही. बचत खात्यावर अल्प व्याज मिळते. या दोन्ही खात्यांतील पैसा बँकेला स्वस्त पडतो. म्हणून एकूण ठेवींतील त्यांचे प्रमाण वाढविण्याकडे प्रत्येक बँकेचा कल असतो. मुदत ठेवीवरील व्याज अधिक असते. परंतु मुदत निश्चित असल्याने बँकेला दीर्घ काळाच्या कर्जांचे नियोजन करता येते. आवर्ती ठेवीत दरमहा ठराविक रक्कम भरावयाची असते. दारोदार जाऊन रोज अल्प रक्कम गोळा करण्याची ‘पिग्मी’ पद्धत उडुपी येथे स्थापन झालेल्या व त्या वेळी खाजगी असलेल्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये सुरू केली. ती पुढे महाराष्ट्रातील सहकारी बँका व पतसंस्था यांनीही उचलली. ज्याला बँकेत जाण्यास वेळ नाही त्याच्याकडे बँकच गेली, तर अल्प उत्पन्नातूनही ठेव उभी राहते, हे या पद्धतीने दाखवून दिले.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : भारतातील खाजगी बँकांचा इतिहास हा बऱ्याच अंशी ठेवीदारांच्या विश्वासाच्या चढउतारांचा इतिहास आहे. स्वदेशी चळवळीच्या काळात अनेक भारतीय बँका निघाल्या. पण १९१३ पासूनच्या अरिष्टात मुंबईच्या इंडियन स्पेसी बँकेसह त्यांपैकी कित्येक बुडाल्या. पुढील काळात मराठी मुलखात स्थानिक भांडवलावर उभ्या राहिलेल्या बँकांनी हा विश्वास पुन्हा संपादन करण्याचा प्रयत्न केला. सांगली बँक (१९१६), पुणे येथे १९३५ मध्ये नोंदविली गेलेली व ८ फेब्रुवारी १९३६ रोजी कामकाज सुरू केलेली बँक ऑफ महाराष्ट्र, सातारा येथील युनायटेड वेस्टर्न बँक (१९३६) आणि कोल्हापूरची रत्नाकर बँक (१९४३) ही त्यांची ठळक उदाहरणे होत. संचालक गावातील परिचित माणसे असत, व्यवहार मराठीतून चाले व लहान व्यापाऱ्यालाही बँकेत मान मिळे. या बँकांचे ठेवसंग्रहण मुख्यतः या परिचयावर आधारलेले होते.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे बालपण रोहा परिसरात गेले. त्यांच्या कारकिर्दीत (१९४३–४९) बँकांच्या नियमनाचा सर्वंकष कायदा १९४९ मध्ये संमत झाला. तथापि १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक व केरळमधील पलाई सेंट्रल बँक बंद पडल्याने ठेवीदारांत पुन्हा घबराट पसरली. त्यातून १९६१ चा ठेव-विमा निगमाचा कायदा निर्माण झाला व १ जानेवारी १९६२ पासून दर ठेवीदारामागे १,५०० रुपयांपर्यंत विमासंरक्षण मिळू लागले. १९ जुलै १९६९ रोजी १४ व १५ एप्रिल १९८० रोजी ६ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. बँक ऑफ महाराष्ट्र ही पहिल्या चौदांपैकी एक होती. राष्ट्रीयीकृत बँकेमागे शासन उभे आहे, अशी समजूत दृढ झाल्याने उरलेल्या खाजगी बँका ठेवींच्या स्पर्धेत मागे पडल्या.

१९९३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नव्या खाजगी बँकांना परवाने देण्याचे धोरण जाहीर केले आणि एचडीएफसी, आयसीआयसीआय, यूटीआय (पुढील ॲक्सिस), इंडसइंड, ग्लोबल ट्रस्ट इ. बँका अस्तित्वात आल्या. संगणकीकृत सेवा, स्वयंचलित रोकड यंत्रे व कोणत्याही शाखेतून व्यवहार करण्याची सोय यांच्या बळावर त्यांनी शहरांतील पगारदार व व्यापारी वर्ग अल्पावधीत आपलासा केला. याउलट जुन्या स्थानिक बँकांपैकी काहींचा अंत झाला : १९९२ च्या रोखे घोटाळ्यात सापडलेली बँक ऑफ कराड अवसायनात निघाली, युनायटेड वेस्टर्न बँकेवर २ सप्टेंबर २००६ रोजी स्थगिती लादली जाऊन पुढील महिन्यात ती आयडीबीआय बँकेत विलीन झाली, आणि २००७ मध्ये सांगली बँक आयसीआयसीआय बँकेत समाविष्ट झाली. नव्या बँकांनाही अपयश चुकले नाही. ग्लोबल ट्रस्ट बँकेवर जुलै २००४ मध्ये स्थगिती आली व ऑगस्टमध्ये तिचे ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्समध्ये विलीनीकरण झाले.

निर्धारक घटक : (१) विश्वास व आर्थिक सुदृढता : ठेवीदाराला बँकेचा ताळेबंद सहसा वाचता येत नाही. भांडवल पर्याप्तता, अनुत्पादक कर्जांचे प्रमाण व रोखता या खऱ्या कसोट्या त्याच्या आवाक्याबाहेरच्या असतात. म्हणून बँकेचे वय, आकार, मालकी, इमारत, अधिकाऱ्यांचे वर्तन व शेजाऱ्यापाजाऱ्यांचा अनुभव अशा बाह्य खुणांवरून तो अनुमान काढतो. अशा अनुमानाचे स्वरूपच असे आहे, की विश्वास हळूहळू साचतो व झपाट्याने ओसरतो. येस बँकेच्या ठेवी मार्च २०१९ अखेर सु. २.२८ लाख कोटी रु. होत्या, मार्च २०२० अखेर त्या सु. १.०५ लाख कोटी रु. उरल्या. ५ मार्च २०२० रोजी स्थगिती जाहीर होऊन ठेवीदारांना ५०,००० रुपयांपर्यंतच रक्कम काढण्याची मुभा राहिली; परंतु ठेवींना गळती त्यापूर्वीच लागली होती. स्टेट बँकेच्या पुढाकाराने अन्य बँकांनी भांडवल घातल्यावर १८ मार्च रोजी स्थगिती उठली. रिझर्व्ह बँकेने ज्यांना देशाच्या वित्तव्यवस्थेच्या दृष्टीने महत्त्वाच्या बँका म्हणून घोषित केले आहे, त्यांत स्टेट बँकेबरोबर आयसीआयसीआय (२०१५) व एचडीएफसी (२०१७) या खाजगी बँकाही आहेत. अशा बँकांकडून अधिक भांडवलाची अपेक्षा केली जाते आणि ठेवीदाराच्या मनातही त्यांचे स्थान वेगळे राहते.

(२) व्याजदर : ऑक्टोबर १९९७ पासून मुदत ठेवींवरील व २५ ऑक्टोबर २०११ पासून बचत ठेवींवरील व्याजदर ठरविण्याचे स्वातंत्र्य बँकांना मिळाले. तोवर बचत खात्याचा दर सर्व बँकांत सारखाच, म्हणजे ४ टक्के होता. नियंत्रण उठताच कोटक महिंद्र व येस या बँकांनी तो ६ टक्क्यांपर्यंत नेला व त्यायोगे नवे खातेदार मिळविले. मोठ्या बँका मात्र दीर्घ काळ ४ टक्क्यांवरच थांबल्या आणि तरीही त्यांच्या बचत ठेवी ढळल्या नाहीत. जून २०२५ मध्ये स्टेट बँक, एचडीएफसी व आयसीआयसीआय या तिन्ही बँकांनी हा दर २.५ टक्क्यांवर आणला. यावरून असे दिसते, की बचत खाते लोक व्याजापेक्षा सोयीसाठी ठेवतात. पगार तेथे जमा होतो, देणी तेथूनच भागविली जातात. मुदत ठेवीचा ठेवीदार मात्र दराबाबत सजग असतो. विशेषतः निवृत्त व्यक्तींचे मासिक उत्पन्नच त्यावर अवलंबून असते. ठेवीवरील खरा परतावा महागाईचा दर वजा जाता उरणारा असतो. तो शून्याखाली गेल्यास पैसा सोने, जमीन वा भागबाजार यांकडे वळतो.

व्याजदराचा परिणाम एकेरी नसतो. बाजारातील दरापेक्षा बराच अधिक दर देणारी बँक ठेवींची निकड असलेली असू शकते, आणि जाणत्या ठेवीदाराला ती धोक्याची खूण वाटते. शिवाय केवळ दरामुळे आलेली ठेव अन्यत्र अधिक दर मिळताच निघून जाते. मोठ्या संस्थांच्या घाऊक ठेवींबाबत हे विशेष खरे आहे. म्हणून अनेक लहान ठेवीदारांकडून आलेला पैसा थोड्या मोठ्या ठेवीदारांकडून आलेल्या तेवढ्याच पैशापेक्षा अधिक स्थिर मानला जातो.

(३) शाखेचे सान्निध्य : ठेवीदाराचा जाण्यायेण्याचा वेळ व खर्च हाही ठेवीचा एक खर्चच होय. एक लाख रुपयांच्या ठेवीवर अर्धा टक्का अधिक व्याज मिळाल्यास वर्षाला ५०० रुपयांचा लाभ होतो. परंतु त्यासाठी दोनदा तालुक्याच्या गावी जाऊन रोजगार बुडवावा लागला, तर तो लाभ उरत नाही. शाखा उघडणे बँकेलाही खर्चाचे असते, म्हणून खाजगी बँकांचा ओढा प्रथम शहरांकडे व औद्योगिक केंद्रांकडे राहिला. एका वर्षात उघडलेल्या नव्या शाखांपैकी किमान २५ टक्के बँकविरहित ग्रामीण केंद्रांत असाव्यात, हा रिझर्व्ह बँकेचा दंडक व बँक प्रतिनिधींमार्फत सेवा देण्याची पद्धत यांमुळे हे अंतर काहीसे कमी झाले.

(४) सेवा व तंत्रविद्या : रांगेत न थांबता पैसा भरता-काढता येणे, तक्रारीचे निवारण, ग्राहकाच्या भाषेत बोलणारे कर्मचारी व शुल्क आकारणीतील स्पष्टता यांवर ग्राहकाचे समाधान अवलंबून असते. २०१० मध्ये सुरू झालेली तात्काळ भरणा सेवा व २०१६ ची एकीकृत भरणा पद्धती (यूपीआय) यांनी खाते भ्रमणध्वनीवर आणून ठेवले. त्यामुळे दूरच्या बँकेतही खाते ठेवणे सुलभ झाले. मात्र अफवा पसरताच ठेव काढून घेणेही तितकेच सुलभ झाले. खाजगी बँकांतील किमान शिलकीची अट व ती मोडल्यास होणारा दंड यांमुळे अल्प उत्पन्नाचे लोक दुरावतात. ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेल्या जनधन योजनेतील शून्य शिलकीची खाती मुख्यतः सार्वजनिक क्षेत्रातील बँकांत उघडली गेली, त्याचे एक कारण हेच होय.

(५) उत्पन्न, बचत व पर्यायी साधने : ज्या प्रदेशात उत्पन्नच अपुरे व अनियमित आहे, तेथे कोणत्याही बँकेची ठेव मर्यादित राहते. १८८२ पासूनची डाकघर बचत बँक, सोने, विमा, भिशी, पतसंस्था, परस्पर निधी व भागबाजार हे ठेवींचे स्पर्धक होत. ठेवीच्या व्याजावर प्राप्तिकर लागतो. करसवलती ज्या साधनांना मिळतात, तिकडे मध्यमवर्गीय बचतीचा ओघ वळतो.

(६) बँकेचे स्वतःचे धोरण : ठेवी जमविण्याची निकड कर्जवाटपावरून ठरते. १ जुलै २०२३ रोजी गृहवित्त देणारी एचडीएफसी ही संस्था एचडीएफसी बँकेत विलीन झाली. त्या संस्थेची गृहकर्जे मुख्यतः कर्जरोख्यांच्या आधारावर दिलेली असल्याने बँकेचे कर्ज-ठेव प्रमाण शंभरावर गेले व पुढील काळात कर्जवाढ आवरून ठेवी वाढविण्याकडे तिला लक्ष द्यावे लागले. कर्जे करारपत्रावर एका दिवसात हस्तांतरित होतात. ठेवी मात्र शाखाशाखांतून माणसागणिक मिळवाव्या लागतात, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

वडखळ परिसर : या घटकांचा परस्परसंबंध रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्याच्या वडखळ परिसरात चांगला पाहावयास मिळतो. मुंबई–गोवा महामार्गावरून अलिबागचा रस्ता वडखळ येथे फुटतो. धरमतर खाडीकाठची खारभूमी, भातशेती, मिठागरे व मासेमारी हे येथील जुने व्यवसाय होत. पेणच्या गणेशमूर्ती, पोहे व पापड प्रसिद्ध आहेत. विसाव्या शतकाच्या अखेरीस जवळच डोलवी येथे पोलाद कारखाना आला. नागोठणे, रोह्याजवळचे धाटाव व अलिबागजवळचे थळ येथेही मोठे उद्योग उभे राहिले. परिणामी या परिसरात निरनिराळ्या प्रकृतीचा पैसा एकत्र येतो. कारखान्यातील कामगाराचे वेतन दरमहा येते. ते वेतनखात्याच्या रूपाने बँकेकडे आपोआप जमा होते आणि खाजगी बँकांना ते विशेष हवे असते. मूर्तिकाराचे उत्पन्न गणेशोत्सवाच्या सुमारास एकवटते. वर्षाचा उरलेला काळ त्याला माती, रंग व मजुरी यांसाठी पैसा लागतो. त्यामुळे त्याची ठेव त्याच बँकेकडे जाते, जी त्याला हंगामी कर्जही देते. ट्रकमालक, धाबेवाले व दुकानदार यांना चालू खात्याची गरज असते. महामार्गाच्या रुंदीकरणासाठी व उद्योगांसाठी जमीन गेलेल्या कुटुंबाकडे मोबदल्याची मोठी रक्कम एकदाच येते. तिच्या ऐवजी पुन्हा जमीन मिळण्याची शक्यता थोडी असल्याने ती कोठे ठेवावी, हा प्रश्न त्या कुटुंबाच्या भवितव्याचाच असतो. श्रीवर्धन, म्हसळा व महाड या दक्षिणेकडील तालुक्यांत आखाती देशांतून येणाऱ्या पैशाची त्यात भर पडते.

या पैशासाठी जिल्ह्याची अग्रणी बँक असलेली बँक ऑफ इंडिया व अन्य राष्ट्रीयीकृत बँका, अलिबाग येथील रायगड जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, नागरी सहकारी बँका, पतसंस्था, डाकघर व खाजगी बँका यांत स्पर्धा असते. ओळख व आपलेपणा यांबाबत सहकारी संस्था दीर्घ काळ सर्वांत पुढे होत्या. पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँक हे त्याचे मोठे उदाहरण होते. कर्जव्यवहारांतील गंभीर गैरप्रकार उघडकीस आल्यावर सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि हजारो कुटुंबांची बचत अडकून पडली. त्या वेळी ठेवविम्याची मर्यादा एक लाख रुपये होती. निवृत्तीची पुंजी, मुलीच्या लग्नासाठी राखलेली रक्कम वा जमिनीचा मोबदला ज्यांनी एकाच ठिकाणी ठेवला होता, त्यांचे त्या मर्यादेपलीकडील नुकसान विम्याने भरून निघण्याजोगे नव्हते. ही बँक सहकारी होती, खाजगी व्यापारी बँक नव्हे. तथापि तिचा धडा सर्व प्रकारच्या बँकांना लागू पडतो. परिचयावर आधारलेला विश्वास ठेव मिळवून देतो, परंतु ती सुरक्षित ठेवत नाही. त्यासाठी कर्जवाटपातील शिस्त, स्वतंत्र हिशेबतपासणी व जागरूक पर्यवेक्षण यांचीच आवश्यकता असते. नागरी सहकारी बँकांवर त्या काळी राज्याचे सहकार खाते व रिझर्व्ह बँक असे दुहेरी नियंत्रण होते. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईची पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक अडचणीत आल्यावर २०२० च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढविण्यात आले.

ठेवविमा : ठेवविम्याची मर्यादा १९८० मध्ये ३०,००० रु., १ मे १९९३ पासून १ लाख रु. व ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रु. झाली. ही मर्यादा मुद्दल व व्याज मिळून, दर ठेवीदारास दर बँकेमागे असते. एकाच बँकेच्या निरनिराळ्या शाखांतील ठेवी एकत्र धरल्या जातात. २०२१ च्या दुरुस्तीनुसार रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातल्यापासून ९० दिवसांच्या आत विम्याची रक्कम मिळण्याची तरतूद झाली. विम्याचे संरक्षण सार्वजनिक, खाजगी व सहकारी बँकांना सारखेच असल्याने लहान ठेवीदाराच्या दृष्टीने त्यांच्यातील भेद कमी होतो व खाजगी बँकांना ठेवी मिळविणे सुकर जाते. पतसंस्थांतील ठेवींना मात्र हे संरक्षण नाही. १५ लाख रुपये एकाच बँकेत ठेवणाऱ्यास १० लाखांवर कोणतेही विमासंरक्षण राहत नाही. तीच रक्कम तीन बँकांत, व्याज धरून मर्यादेच्या आत राहील अशा बेताने विभागल्यास जवळजवळ सर्व ठेव सुरक्षित होते. १५ लाखांवर एक टक्का अधिक दराने वर्षाला मिळणारे १५,००० रुपये हे त्या १० लाखांच्या जोखमीचे मोल ठरत नाही.

मूल्यमापन : खाजगी बँकांनी तत्पर सेवा व नवे तंत्र यांच्या साहाय्याने राष्ट्रीयीकृत बँकांच्या ठेवींतील मोठा वाटा मिळविला आणि एकूण बँकव्यवसायाला गती दिली. ग्रामीण भागातील लहान बचतीपर्यंत पोहोचण्यात मात्र त्यांची प्रगती मंद राहिली. राष्ट्रीयीकृत बँकेमागे शासनाची प्रत्यक्ष मालकी व सहकारी बँकेमागे सभासदांचे नाते असते. खाजगी बँकेला यांपैकी कशाचाच आधार नसल्याने तिला आपली पत हिशेबाच्या स्वच्छतेतून, मागताक्षणी पैसा परत देण्याच्या क्षमतेतून व जोखमीच्या कर्जांपासून दूर राहण्यातून सिद्ध करावी लागते. व्याजदरात अर्ध्या टक्क्याची वाढ कोणतीही बँक एका दिवसात करू शकते. अरिष्टाच्या काळातही ठेवीदार रांग लावणार नाही इतका विश्वास मात्र अनेक वर्षांच्या सचोटीच्या कारभारानेच निर्माण होतो. ठेवसंग्रहणाचे यश वर्षअखेर जमलेल्या ठेवींच्या आकड्यावरून मोजण्याची प्रथा आहे. त्याबरोबरच त्या ठेवींपैकी किती लहान ठेवीदारांच्या आहेत व किती काळ टिकून राहिल्या आहेत, हेही पाहणे आवश्यक ठरते.